कडलदंडीचं कार्ड

अक्का, हरभऱ्याचे घाटे तू जन्मभर चुकीचे काढलेस. देवळीच्या भिंतीवर, येळवशीच्या अवसेच्या रांगोळीत, उशीच्या अभ्र्यावर, जिथं म्हणून तुझा हात फिरला तिथं घाटे आभाळाकडं तोंड करून उभे. खरे घाटे पानाखाली लोंबतात, हे आपल्या घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. बाप हरभऱ्याचा, आपल्या कडलीचा, व्यापारी, माळवद कडलीच्या पोत्यांच्या वासानं भरलेलं, आणि लेकीला घाटा काढता येत नाही! अप्पा दरवेळी सांगायचे आणि तू दरवेळी तेच उत्तर द्यायचीस, "अप्पा, माझ्या घाट्यांनी काय पाप केलंय मान खाली घालायला?"

एकदाच तू ते खाली मान घातलेले काढलेस. त्या एका कार्डावरून तुझं-माझं भांडण इतकी वर्षं चाललं, आणि ते मिटायच्या आतच तू मधनं उठून गेलीस. हे काही बरं केलं नाहीस.

तुला माती देऊन आठवडा व्हायचाय. मी सासरहून, हुलसूरहून आले ती अजून इथंच, चिटगुप्प्यात आहे. बायका येतात, डोळ्याला पदर लावतात आणि म्हणतात, "गौराक्का बिचारी गरीब गाय होती, लई सोसली." मी गप्प बसते. दारी आलेल्या माणसाशी भांडू नये, हे तूच शिकवलंस. पण मनातल्या मनात म्हणते, गाय? अगं, ही बाई वकील होती! काळा डगला तेवढा घालायचा राहिला. अप्पांचा शब्द न मोडता त्यातून बैलगाडी जाईल एवढी वाट काढणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. सोसलंस हे खरं. तुझा नवरा गेला, तू माहेरी परत आलीस, पाठोपाठ आई, आपली अव्वा, गेली, आणि मी परकरात असल्यापासून हे घर तूच चालवलंस. पण सोसणं ही काही तुझी ओळख नव्हती. सोसता सोसता तू जे गालात हसायचीस ना, ती तुझी ओळख.

येणाऱ्यांत शेजारच्या गल्लीतली खालाबीही आली. सध्या दिवस बरे नाहीत, एका गल्लीतलं माणूस दुसऱ्या गल्लीत जाताना मागं बघतं. तरी ती दुपारच्या उन्हात, डोक्यावरून चादर घेऊन आली, तुझ्या रिकाम्या खाटेपाशी बसली आणि म्हणाली, "मेरी ईद के कारडां अब कौन बनाती गे?" त्या दिवशी मला पहिल्यांदा मोठ्यानं रडू आलं. तोवर मी कामातच होते.

आता कार्डाचं बोलते, कारण तेच बोलायला बसलेय.

आपला शरणू, माझा अण्णा, दुकानात बसायला तयार नव्हता. त्याला रंगांचं वेड. दुकानाची पाटी त्यानंच रंगवली होती. वर उर्दूत, मधे मराठीत, खाली कानडीत, तिन्ही ओळी इतक्या देखण्या की गिऱ्हाईक आधी पाटी बघायचं आणि मग भाव विचारायचं. पण अप्पांना पाटी नको होती, पाटीखाली बसणारा माणूस पाहिजे होता. "पाट्या रंगवून पोट भरत न्हाई," अप्पा म्हणाले. "कडली मापून मन भरत न्हाई," अण्णा म्हणाला. दोघांचंही खरं होतं, म्हणूनच कुणी माघार घेईना. शेवटी अप्पांचा आवाज चढला. "जा मग. पुन्हा ह्या घराचा उंबरा चढायचा न्हाई. अन् ह्या घरातनं त्याला एक अक्षर जायचं न्हाई, सगळ्यांना सांगून ठेवतो."

अण्णा मुंबईला गेला. आपल्या अप्पांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, आणि अण्णा त्यांचाच लेक, म्हणून त्याच्याकडूनही अक्षर आलं नाही. दोन येळवशी त्याच्याशिवाय गेल्या. रानात सगळं गाव जेवत होतं, भज्जी होती, आंबील होती, कोवळ्या हरभऱ्याचा हुळा भाजला होता. अप्पांनी हुळ्याला हात लावला नाही. दात दुखायलाय म्हणाले. दात अण्णाच्या नावाचा होता, हे तुला कळलं आणि मलाही. तू रात्री मला म्हणालीस, "नीले, ह्ये दोघं असेच ऱ्हायले तर एकाला माती द्यायला दुसरा यायचा न्हाई. त्याच्या आत कायतरी करावं लागंल." तेवढं एकच भय तुझ्या तोंडून मी ऐकलं.

मग त्या उन्हाळ्यात खालाबीचा मुलगा हमीद बहिणीच्या लग्नाला गावी आला. तो मुंबईला गोदीत कामाला होता. आपल्या मागच्या दारी उभा राहून, अप्पा दुकानात आहेत ना याची खात्री करून, त्यानं सांगितलं की अण्णा बरा आहे, कागद-रंगाच्या एका दुकानात नोकरीला आहे. त्या दुकानात उन्हाळा आला की हातानं रंगवलेली कार्डं काचेत लावतात. गोऱ्या मडमा, पारशिणी ती विकत घेतात आणि एकमेकींना उन्हाळा सुखाचा जावो म्हणून पाठवतात. अण्णा तिथं बढाई मारून बसला होता की माझ्या अक्काच्या हातासारखं कार्ड इथं कुणाला जमायचं नाही. बढाई अगदीच पोकळ नव्हती. तुझी ईदेची कार्डं, तो कातरीनं कोरलेला चाँद, त्याला लावलेली चमकी, खालाबीचे नातेवाईक हैदराबादपर्यंत मिरवायचे. पण आता मालकानं म्हटलं होतं, "आण बघू मग," आणि अण्णाची अब्रू पणाला लागली होती.

हमीदनं गठुड्यातून चार जाड पांढरे कागद काढले. लढाईचे दिवस होते, तसा कागद बिदरच्या बाजारातही बघायला मिळत नव्हता. तू ते दोन्ही हातांवर घेतलेस. हमीद म्हणाला, "अण्णा बोले, अक्काकू बोल, गर्मी का एक कारड बनाको दे. उसपे कडली-दंडी का चित्तर निकाल बोले."

बस्स. सगळं रामायण त्या एका वेलांटीत आहे.

कानडीत कडल म्हणजे समुद्र आणि आपल्याकडच्या कानडीत कडली म्हणजे हरभरा. दंडी म्हणजे काठ. समुद्राचा असो नाहीतर शेताचा असो. अण्णानं सांगितलं होतं कडलदंडी, म्हणजे समुद्राचा किनारा, कारण मडमांची कार्डं तशीच असायची, वाळू आणि लाटा. हमीदच्या तोंडात त्याची कडली झाली. त्याचा तरी काय दोष? चिटगुप्प्यात कडल हा शब्द कुणाला कधी लागलाय? इथून समुद्र कुठल्या दिशेला आहे हेही कुणी छातीठोक सांगितलं नसतं. कडली मात्र रोज लागते. आपल्या घरात तर उठल्यापासून झोपेपर्यंत दुसरा शब्दच नव्हता. तेव्हा मुंबईहून निघालेला समुद्र आपल्या मागच्या दारात येईपर्यंत हरभऱ्याचं शेत झाला, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मला वावगं वाटलं ते वेगळंच. मी म्हणाले, "अक्का, उन्हाळ्याच्या कार्डावर कडली? रानात तर आता नुसती ढेकळं हायत."

"म्हणून तर काढायची," तू म्हणालीस. "रानात असती तर तोडून पेंढीच पाठवली असती."

"अन् अप्पा? अक्षर पाठवायचं न्हाई म्हणलेत."

"अक्षर म्हणलेत. चित्र कुठं म्हणलेत?"

तू वर आणखी म्हणालीस की आपण एक अक्षरही लिहायचं नाही, नाव नाही, आशीर्वाद नाही, म्हणजे अप्पांचा शब्द राहील. शब्दाविना शुभेच्छा! जगातलं तसलं पहिलंच कार्ड असेल ते.

मागच्या कोठारात, पोत्यांच्या सावलीला, तू दुपारी बसायचीस. अण्णाचा जुना कुंचला तू तांदळाच्या डब्यात जपून ठेवला होतास. रंग कुठले? हळद, कपड्यांची नीळ, दिव्याची काजळी आणि आपली तांबडी माती. माती मी वस्त्रानं गाळायची, बाभळीचा डिंक मी भिजत घालायचा, आणि तू ओरडायचीस, "पातळ झालंय, नीले, आमटी करायलीस व्हय?" पहिल्या कागदावर तू मातीचा रंग दिलास तर तो वाळून पापुद्र्यासारखा सुटून आला. दुसऱ्यावर मी पाण्याची वाटी लवंडली. त्यावरून तू मला जे बोललीस ते मी इथं लिहीत नाही. आता तिसरा कागद बिघडला तर संपलंच, म्हणून तू हात आवरून घेतलास. आधी पाटीवर खडूनं काढलंस, पुसलंस, पुन्हा काढलंस. डिंक जरा जास्त घातलास, रंग दोन वेळा पातळ दिलास आणि मधे वाळू दिलास. हळद आणि नीळ मिसळून हिरवं करायचं, तर तुझं हिरवं कधी पिवळं पडायचं, कधी निळं. तू बोटाच्या पेरावर बघायचीस, मग कागदाला लावायचीस. तुझी जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर यायची, लहान मुलीसारखी. तुला मी तेवढ्या सुखात फार कमी वेळा पाहिलं.

शेत आपलंच होतं, ओढ्याकडंचं. खाली बांध, तांबड्या मातीचा. बांधापलीकडं कडलीच कडली, वाऱ्यानं एका बाजूला कललेली. बारीक जांभळी फुलं. आणि घाटे अर्थातच तोंड वर करून.

मी डिंक ढवळता ढवळता सहज पुटपुटत होते, कडली-दंडी, कडली-दंडी, आणि एकदम मठातले अय्या आठवले. प्रवचनात ते संसाराला कडल म्हणायचे, भवाचा कडल, आणि हात असा लांब पसरून दाखवायचे. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी किंचाळलेच, "अक्का! कडली न्हाई गं, कडल! अण्णानं समुद्र सांगितलाय, समुद्राची दंडी!"

तुझा कुंचला थांबला. तू माझ्याकडं बघितलंस, मग चित्राकडं बघितलंस. चौथा कागद कोरा होता, हमीद दुसऱ्या दिवशी निघणार होता. मी म्हणाले, "दुसरं काढ लवकर. नुसतं निळं पाणी काढायचं, त्यात काय हाय? न्हाईतर त्या दुकानात अण्णाला हसतील की गं. नोकरी जाईल त्याची."

तू म्हणालीस, "कामून ओरडायलीस? शरणूला समुद्र दाखवायला मी कशाला पाहिजे? त्यो तर रोज बघायलाय."

आणि तू निळीची पुरचुंडी सोडलीस.

अक्का, इथंच आपलं भांडण आहे. मी बघत होते. कडलीवर तू निळीचा आणखी एक हात दिलास, पातळ. मग शेताच्या मधोमध पांढरं धोतर काढलंस, आंबीचं. थंडीत आपण संध्याकाळी कडलीवर धुतलेलं धोतर पसरतो आणि पहाटे दवानं भिजलेलं पिळून त्याची आंबट आंब बाटलीत भरून ठेवतो, पोटदुखीवर. तसं ते धोतर, वाऱ्यानं फुगलेलं, कडा दुमडलेल्या. मी पुढं कितीदा म्हणाले, तू हे माझं ऐकून काढलंस, समुद्र माझ्यामुळं आला. तू म्हणायचीस, "धोतर माझ्या मनात आधीपासनंच होतं." खोटं! साफ खोटं! पण तुझ्या तोंडावरची रेघ हलायची नाही.

तेवढ्यात अप्पा आले. पोती मोजायला म्हणून कोठारात आले आणि आपल्यापुढं उभे राहिले. मी त्या कार्डावर परकराचा घोळ पसरणार होते, पण तू माझा हात धरलास. लपवलं असतंस तर ती चोरी झाली असती. तू न लपवता बसलीस.

"काय करायलीस?"

"चित्र काढायलाव, अप्पा."

"कशाचं?"

"आपल्या रानाचं."

कुणासाठी, हे अप्पांनी विचारलं नाही. शेजारी हमीद आलेला, अण्णाचा कुंचला तुझ्या हातात, मुंबईचा पांढरा कागद मांडीवर. आंधळ्यालाही कळलं असतं. अप्पा वाकले. मला वाटलं, आता फाडतात. ते म्हणाले, "लिंबाचं झाड डाव्या अंगाला हाय."

"काढते."

अप्पा गेले नाहीत. पुन्हा वाकले आणि म्हणाले, "अन् घाटे असे वर तोंड करून येत न्हाईत. खाली मान घालतेत."

मी तुझ्या उत्तराची वाट बघत होते, ते पापाचं. अक्का, तू नुसतं "बरं, अप्पा" म्हणालीस. ओल्या फडक्यानं एकेक घाटा हलक्या हातानं टिपलास आणि एकेक खाली वळवलास. शेवटचा घाटा मान घालेपर्यंत अप्पा तिथंच उभे होते. मग पोती न मोजताच दुकानात गेले. मला, खरं सांगते, बरं वाटलं. म्हटलं, हरली एकदाची.

मी किती मठ्ठ होते ते मला नंतर कळलं.

हमीद कार्ड कुराणाच्या रुमालात गुंडाळून घेऊन गेला. मग बरेच दिवस काही नाही. तू रोज दळलंस, शिवलंस, अप्पांना वाढलंस, माझी वेणी घातलीस. कार्डाचं नाव काढलं नाहीस. मीच रोज काढायची. "हसले असतील," मी म्हणायची. "हसू देत," तू म्हणायचीस.

रोहिणी निघायला आल्या होत्या. अप्पा सकाळीच ओढ्याकडच्या रानात गेले होते, शेणखत पडायचं होतं. तू मला भाकरी घेऊन पाठवलंस. लांबून बघते तर बांधावर दोन माणसं. लिंबाच्या बुडाशी एक, गुडघ्यात डोकं घातलेला, शेजारी पत्र्याची पेटी. दुसरे बांधाच्या पार त्या टोकाला, पाठ करून बसलेले. मधे सगळं मोकळं रान. अण्णा सकाळच्या मोटारीनं आला होता आणि घरी न येता थेट चित्रातल्या जागी येऊन बसला होता. उंबरा चढायचा नाही म्हटलं होतं. बांधाला कुठं उंबरा असतो? पुन्हा वकिली. पण ही तुझी की त्याची, ते शिवाला ठाऊक.

मी मधे जाऊन उभी राहिले. भाकरी कुणाकडं न्यावी कळेना. ऊन असं होतं की ढेकळं चटके देत होती. अप्पा उठले, धोतर झटकलं, माझ्याजवळ आले आणि ना माझ्याकडं बघत ना अण्णाकडं बघत म्हणाले, "ऊन लागायलंय. घरी चल."

मला वाटलं मला म्हणाले. मी टोपली उचलून चालायलाही लागले. मागं वळून बघते तर अण्णाची पेटी अप्पांच्या खांद्यावर, आणि अण्णा रिकाम्या हातानं त्यांच्या मागं, आणि अण्णाचं तोंड ओलं.

तू दारात पाणी घेऊन उभी होतीस. भाकऱ्या तर तू माझ्याबरोबर रानात दिल्या होत्यास, तरी चुलीवर चौघांचा स्वयंपाक तयार. तुला कुणी सांगितलं होतं? हेही तू कधी सांगितलं नाहीस.

जेवताना अण्णानं दुकानाची गंमत सांगितली. मालकानं कार्ड हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं आणि म्हणाला, "वा! काय दर्या काढलाय तुझ्या बहिणीनं! ही तांबडी वाळू, ह्या लाटा, हा फेस बघ कसा फुगलाय. अन् हे मासे, बुडी मारायलेत जणू." तू घास तोंडात असतानाच हसायला लागलीस, तुला ठसका लागला, मी पाठीवर मारत होते आणि मीही हसत होते. मालकानं ते काचेत मधोमध लावलं. रस्त्यानं जाणारे लोक उभे राहून समुद्र बघायचे. अण्णा एकटाच काचेतून कडलीचं रान बघायचा. तीन दिवस बघितलं म्हणे, आणि चौथ्या दिवशी मालकाकडून ते मागून घेऊन पेटी भरली.

"रान बघून आलास व्हय?" मी विचारलं.

"रान बघून रडू आलं," अण्णा म्हणाला. "पण आलो ते घाटे बघून. अक्काचे घाटे खाली मान घालत न्हाईत. तिला खाली घालायला लावणारा माणूस एकच हाय. म्हणलं, अप्पांनी चित्र बघितलंय. बघून फाडलं न्हाई. वर दुरुस्त केलंय."

तू ताटात बघत होतीस. अप्पा हात धुवायला उठले आणि बराच वेळ हातच धूत राहिले. आणि मला तेव्हा कळलं की त्या दुपारी कोठारात तू हरली नव्हतीस. अप्पांना लिहायचं होतं आणि लिहिता येत नव्हतं, शब्द आड येत होता. तू तुझा जन्मभराचा हट्ट बाजूला ठेवून त्यांना अक्षराशिवाय लिहायची जागा करून दिलीस. स्वतःच्या चित्रात. एवढं मोठं मन करायचं आणि वर "बरं, अप्पा" एवढंच म्हणायचं, हे मला सात जन्मांत जमणार नाही.

पुढं अण्णा कधी इथं, कधी मुंबईत असा राहिला. दर उन्हाळ्याला तुला म्हणायचा, चल, तुला खरा कडल दाखवतो. तू म्हणायचीस, "मी काढलाय की." एकदा तो बाटली भरून समुद्राची वाळू घेऊन आला. तू हातावर घेऊन बघितलीस, जिभेला लावलीस, म्हणालीस, "मांजरा नदीच्या वाळूवाणीच हाय, नुसती खारट." आणि दुसऱ्या दिवशी काय केलंस? लोखंडी कढईत ती तापवलीस आणि तिच्यात कडली भाजलीस! अण्णा डोक्याला हात लावून बसला. तू गरम फुटाणे आमच्या ओंजळीत घातलेस आणि म्हणालीस, "घ्या. कडलात कडली. मिटलं भांडण." अप्पांनी दोनदा मागून घेतले. त्यांचा दात तोवर बरा झाला होता.

मिटलं नव्हतं, अक्का. परवाच्या दिवाळीतही मी म्हणाले, कबूल कर, समुद्र मी सांगितला म्हणून तू नीळ वाढवलीस. तू म्हणालीस, "पुढच्या येळवशीला सांगते." मग थंडीत तुला ताप धरला, तो उतरला आणि पुन्हा चढला, आणि येळवशीला आपल्यातलं कुणी रानात गेलंच नाही. शेवटी शेवटी तू अण्णाचा हात धरून होतीस आणि अप्पा पायाशी. एकाला माती द्यायला दुसरा यायचा नाही, हे तुझं भय होतं. तुला दोघांनी मिळून माती दिली. एका बाजूनं बाप, एका बाजूनं भाऊ. तू हे बघितलं असतंस तर गालात हसली असतीस, आपलं काम फत्ते झालं म्हणून. मला हसू येत नाही. मला तुझा राग येतो, आणि घरात शिरताना रोज तुला हाक मारायला तोंड उघडतं, आणि बंद करावं लागतं.

काल तांदळाचा डबा घासायला घेतला. अण्णाचा कुंचला निघाला, आणि त्याच्याखाली तो चौथा कागद. कोरा, कडा पिवळ्या पडलेल्या. मी तो घेऊन कोठारात बसले. हळद भिजवली, नीळ भिजवली, डिंक पातळ झाला आणि ओरडायला कुणी नव्हतं. माझा हात तुझ्यासारखा नाही. माझा बांध वाकडा झाला, धोतर फाटक्या पिशवीसारखं दिसायला लागलं. पण कडली जमली थोडी. घाटे मी वर तोंड करून काढले, एकूण एक.

दारात सावली पडली. अप्पा होते. आता त्यांना दिसतं कमी, काठी टेकत आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून वाकले. मी म्हणाले, "अप्पा, मला म्हाईत हाय. खाली घालतेत. करते नीट."

त्यांनी माझा कुंचल्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले. "बरोबर हायत."